आरोग्यविचार : हाडांतील चुना कोठे जातो?

निर्ण्याकडील घरांतून एक तक्रार वारंवार कानी येते. आईचे अंग ठणकते, तहान फार लागते, शौचास साफ होत नाही, कामात मन लागत नाही; सायंकाळी जपमाळेच्या वेळीही ती भिंतीला टेकून गप्प बसते. घरची माणसे म्हणतात, वय झाले. कोणी म्हणते, भक्ती उणावली. हा दुसरा आरोप आम्हांस फार खटकतो. कारण असे औदासीन्य कधी कधी रक्तातील कॅल्शियम वाढल्यानेही येते.

गळ्यात थायरॉइडच्या पाठीमागे तुरीच्या डाळीएवढ्या, बहुधा चार, परावटु ग्रंथी असतात. डॉक्टर त्यांस पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तात कॅल्शियम, म्हणजे चुन्याचे सत्त्व, कमी पडले की त्यांचा रस ते हाडांतून काढून आणतो. पुरेसे झाले की हे काम मंदावते. परंतु एखाद्या ग्रंथीस गाठ आली की हा आवर सुटतो. ही गाठ क्वचितच कर्करोगाची असते; तरी हाडे ठिसूळ होऊन साध्या पडण्याने मोडतात आणि मूत्रपिंडात खडे धरतात. मुतखडा झाला की आपण विहिरीच्या पाण्यावर ठपका ठेवून मोकळे होतो!

१९२५ साली व्हिएन्ना येथे ट्रामगाडीवरील एक कामगार अशाच हाडांच्या रोगाने जर्जर झाला होता. ग्रंथी दुबळी असावी असे समजून शल्यवैद्य फेलिक्स मांडल यांनी त्याला दुसऱ्याच्या ग्रंथीचे कलम केले. गुण आला नाही. मग गळा उघडून गाठ काढली, तेव्हा तो सुधारला. पुढे काही वर्षांनी मात्र रोग उलटला.

ड जीवनसत्त्वाची उणीव व जुना मूत्रपिंडविकार यांमुळेही या ग्रंथी अतिश्रम करू लागतात. तेव्हा रक्तातील कॅल्शियम बहुधा वाढलेले नसते, आणि उपचारही निराळा असतो. म्हणून आपल्याच मताने कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ नयेत, तसेच दूधही तोडू नये. खडे पुनःपुन्हा होत असतील, किंवा हाड सहज मोडले असेल, तर बिदर वा कलबुर्गीच्या रुग्णालयात डॉक्टरांस रक्तातील कॅल्शियम तपासण्याविषयी विचारावे. ते वाढलेले आढळल्यास ग्रंथीच्या रसाचीही तपासणी करतात.

गाठ काढल्यावर ओठांस वा बोटांस मुंग्या येऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. भुकेली हाडे कॅल्शियम ओढून घेतात आणि रक्तात ते फार उतरलेले असू शकते.