चाबूक कोणाच्या हाती?

मोटारींच्या शर्यतीत उतरणारा माणूस खेळाडू की नुसता ड्रायव्हर, हा वाद हिंजवडीच्या परिसरात रंगावा हे स्वाभाविकच आहे. एका अंगाला मोटारी घडवणारे चाकण, दुसऱ्या अंगाला बालेवाडीचे क्रीडासंकुल. जानेवारी २०२४ मध्ये या संकुलात मोटारसायकलींची सुपरक्रॉस शर्यत झाली. पण संकुलात शर्यत झाली म्हणून शर्यतपटू खेळाडू ठरतो काय? 'सगळे तर यंत्रच करते' हा आक्षेप उरतोच.

सरकारचेही या बाबतीत एकमत दिसत नाही. फॉर्म्युला वन हा खेळ नसून मनोरंजन आहे, अशी भूमिका २००९ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने घेतली होती. त्याच मंत्रालयाने २०१९ मध्ये रॅलीपटू गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार दिला. मोटारक्रीडेला मिळालेला तो पहिलाच अर्जुन.

देहाच्या कष्टांची शंका असणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२३ ची कतारची शर्यत आठवावी. उकाड्याने लोगन सार्जंट याला शर्यत अर्धवट सोडावी लागली. एस्तेबान ओकोन हेल्मेटमध्येच ओकला आणि तरीही गाडी हाकत राहिला. वळणावर चालकाच्या मानेला डोके व हेल्मेट यांचे वजन कित्येक पटींनी पेलावे लागते. 'बसून असतो' हा आक्षेप येथेच निकालात निघावा.

यंत्राचा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वांच्या गाड्या सारख्या नसतात आणि उत्तम गाडी मिळालेला जिंकण्याचा संभव अधिक असतो, हे आम्ही मान्य करतो. पण त्यातून स्पर्धा विषम ठरते. स्पर्धक खेळाडू नाही, असे सिद्ध होत नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलने कांस्यपदक मिळवले, तेव्हा 'गोळी तर बंदुकीने मारली' असे कोणी म्हटले नाही. मग गाडीच्याच बाबतीत आपली जीभ का अडखळते?

आमच्या मते त्याचे मूळ खेळाच्या व्याख्येत नसून हाकणाऱ्याविषयीच्या आपल्या जुन्या अढीत आहे. महाभारतातल्या रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो. त्याचा पिता अधिरथ हा सूत आहे असे कळताच भीम त्याला सुनावतो की, तुझ्या कुळाला शोभेल असा चाबूकच हाती घे. पुढे त्याच कर्णाचे सारथ्य करण्यास सांगितल्यावर शल्याला अपमान वाटतो. गीता सांगणाराही सारथीच होता, पण ते कृष्णाचे मोठेपण; सारथ्याला त्यातून प्रतिष्ठा मिळाली नाही. 'मृत्युंजय' आणि 'राधेय' वाचून डोळे पुसणारे आपण, सूतपुत्राला आजही नेमका कोणता मान देतो?

हा दोष एकट्या आपलाच नाही. प्राचीन ऑलिंपिकमध्ये रथशर्यतीचा विजेता म्हणून मान मिळे तो घोड्यांच्या मालकाला; जीव धोक्यात घालणारा सारथी मागेच राही. आपल्या खेड-आंबेगावच्या घाटांत बैलगाड्यावर माणूसच नसतो, पुढे घोडी धावते आणि नाव पुकारले जाते ते गाडामालकाचे. विदर्भातल्या शंकरपटात मात्र हाकणारा आहे आणि त्याला स्वतःचे नावही आहे: धुरकरी. शब्द असणे ही मान्यतेची पहिली पायरी असते. प्रमाण मराठीने मोटारीच्या धुरकऱ्याला काय दिले? 'चालक'. तोच शब्द, जो परवान्यावर आणि नोकरीच्या जाहिरातीत छापलेला असतो.

२०२४ मध्ये पुण्याच्या डायना पंडोल यांनी मोटारशर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. असे यश मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. तिला 'महिला चालक' म्हणताना आपल्या भाषेचे दारिद्र्य उघडे पडते.

तेव्हा आमचे उत्तर स्पष्ट आहे: शर्यतपटू हा खेळाडूच. मात्र ते मान्य करून आपण थांबलो, तर अढी तशीच राहील. संध्याकाळी हिंजवडीच्या कोंडीतून इतरांना घरी पोचवणारा कॅबचा चालक खेळाडू नाही, असण्याची गरजही नाही. परंतु त्याच्या हातातल्या कौशल्याला आपण कौशल्य म्हणत नाही, तोवर शर्यतपटूला दिलेला मानही गाडीच्या किमतीलाच दिलेला असेल.