योगसाधकाने शरीररचनेचा ग्रंथ कसा निवडावा

योगवर्ग चालविणाऱ्या शिक्षकाच्या संग्रही पातंजल योगसूत्रे व हठयोगप्रदीपिका असावीत, हे कोणीही विनातक्रार कबूल करील. परंतु ज्या देहाच्या आश्रयाने ही सारी साधना घडावयाची, त्याची अस्थी, स्नायू व सांधे यांनिशी ओळख करून देणारा एखादा ग्रंथही तेथे असावा, ही गोष्ट अद्याप ऐच्छिक समजली जाते, आणि असा ग्रंथ घेतलाच तर तो बहुधा चित्रांच्या रंगसफाईवरून पसंत केला जातो. माझ्या मते त्याची पारख, प्रत्येक सांध्याची हद्द तो किती स्पष्टपणे सांगतो, यावरून व्हावी.

पद्मासनाचेच पान उघडून पाहावे. मांडीचे हाड खुब्याच्या उखळीत बाहेरच्या अंगास पुरेसे फिरले, तरच पाऊल विरुद्ध जांघेवर निर्वेध येते; ते तसे न फिरता पाऊल हाताने ओढून वर आणले, तर सारा पीळ गुडघ्यावर पडतो, आणि गुडघा हा मुख्यत्वे बिजागरीचा सांधा असल्यामुळे त्यातील कूर्चा व अस्थिबंध यांना इजा पोहोचण्याचा संभव असतो. शिवाय उखळीची खोली व दिशा, त्याचप्रमाणे मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन, ही सर्व माणसांत सारखी नसतात. सबब एकास सहज जमणारे आसन दुसऱ्यास दीर्घ अभ्यासानेही जमत नाही, आणि त्यात त्याच्या निष्ठेची उणीव नसते. एवढा खुलासा ज्या ग्रंथात नाही, त्यातील तांबडे-निळे स्नायू कितीही देखणे असले, तरी त्यावर इतबार ठेवू नये.

दुसरी कसोटी श्वासाची. ‘पोटात श्वास भरा’ असे वर्गातून सर्रास सांगितले जाते. वस्तुतः हवा फुप्फुसांतच जाते, श्वासपटल खाली उतरते, आणि त्याच्या दाबाने उदरातील इंद्रिये पुढे सरून पोट फुगते. हा व्यापार जो ग्रंथ यथार्थ समजावतो तो ग्राह्य, आणि जो प्रत्येक आसनापुढे रोगनिवारणाची यादी बिनपुराव्याने जोडतो तो त्याज्य समजावा. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले, तेव्हा उड्डियान व नौली या क्रियांत पोटाच्या आत काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले आणि दाबमापकाने मोजले. प्रमाणाचा हा आग्रह आपल्याच भूमीतला आहे.

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हा 1858 सालचा ग्रंथ थोर खराच, आणि अवयवाचे नाव अवयवावरच लिहिणारी त्यातील चित्रे काढणारा हेन्री व्हँडाइक कार्टर हा पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक होता, हेही आपणांस अभिमानाचे. तथापि तो विच्छेदन केलेल्या निश्चल देहाचा ग्रंथ असून साधकाला हालत्या देहाचे ज्ञान हवे. म्हणून आरंभी ब्लाँदीन काले-जर्मेन यांचे ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ मूव्हमेंट’ घ्यावे, अशी माझी शिफारस आहे. त्यात योगाचा पाठ नाही, पण सांध्यांच्या हालचाली साध्या रेखाचित्रांनी उलगडल्या आहेत. त्यानंतर श्वासाला अग्रस्थान देणारे कॅमिनॉफ व मॅथ्यूज यांचे ‘योगा अ‍ॅनाटॉमी’, आणि सखोल अभ्यासाची तयारी झाल्यावर कूल्टर यांचे विस्तृत ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ हठयोग’, असा क्रम ठेवावा.

ग्रंथ गुरूची जागा घेत नाही, हे खरे. परंतु दुसऱ्याच्या देहाला हात लावून आसन दुरुस्त करण्याचा अधिकार जो घेतो, त्याने त्या देहाची जबाबदारीही घेतली पाहिजे. यास्तव योगशिक्षकांच्या परीक्षेत उमेदवाराकडून आसन करवून घेणे पुरेसे मानू नये. समोरच्या माणसाला ते आसन का साधत नाही आणि त्याने त्याऐवजी काय करावे, याचे सकारण उत्तर त्याच्याकडून घेतल्यावाचून प्रमाणपत्र देऊ नये.