भोकरदनमधील बालचर

भोकरदन परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत, म्हणजे १९८१ पर्यंत, औरंगाबाद जिल्ह्यात असल्यामुळे, पुण्या-मुंबईच्या बालचर चळवळीचा इतिहास त्याला जसाच्या तसा लावता येत नाही. भारतात १९०९ मध्ये आलेली ही चळवळ आरंभी युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. श्रीराम वाजपेयी, मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी तिला स्वदेशी पर्याय उभा केला, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी हे प्रवाह ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’मध्ये एकवटले. सहा ते आठ मुलांचा संघ आणि अशा संघांचे मिळून पथक, ही रचना शाळेवर विसंबून असल्याने तालुक्यातील तिचा इतिहास संस्थेच्या दप्तरापेक्षा शिक्षकांच्या बदल्यांत अधिक शोधावा लागतो.