सबवूफर सगळ्यात शेवटी

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्पीकर पाहायला जा. दुकानदार आधी सबवूफरचा दणका ऐकवतो. छातीत धडधडलं की गिऱ्हाईक निम्मं पटलेलं असतं, उरलेलं काम खोक्यावरचा हजारो वॅटचा ‘पीएमपीओ’ करतो. या आकड्यामागे कसलंही सर्वमान्य मोजमाप नाही, त्यामुळे तो हवा तेवढा फुगवता येतो. विचारायचाच तर आरएमएस, म्हणजे सलग पेलता येणाऱ्या वॅटचा आकडा विचारावा, पण त्यालाही फार महत्त्व देऊ नये. वॅट दुप्पट झाले तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. वीसेक हजारांचं बजेट असेल तर ते सगळं दोन बऱ्या बुकशेल्फ स्पीकरवर आणि साध्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर खर्च करावं, सबवूफरचा विचार पुढच्या वर्षी करावा, असं माझं मत आहे.

त्याच पैशात पाच स्पीकर आणि वर सबवूफर मिळत असताना दोनच का घ्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण तेवढ्याच पैशांचे सहा वाटे पडले की प्रत्येकाच्या वाट्याला काय येतं ते पाहा. अडीच-तीन इंची पडद्याचे छोटे स्पीकर दीड-दोनशे हर्ट्‌झच्या खाली दमतात आणि तिथून खालचा सगळा भार सबवूफरवर पडतो. खरं तर सबवूफरचं काम साधारण 80 हर्ट्‌झच्या खालचं, कारण तिथे आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही. दीडशे हर्ट्‌झला मात्र नक्की कळतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज 138 हर्ट्‌झच्या आसपास असतो, म्हणजे नेमका या सांध्यावर. मग गळ्याची धार समोरून येते आणि त्याचं वजन सोफ्याच्या कोपऱ्यातून. तानपुऱ्याची खर्जाची तारही त्या पट्टीत 69 हर्ट्‌झवर लागते. पाच-साडेसहा इंची वूफरचा बरा बुकशेल्फ स्पीकर साधारण तिथवर एकटा पोचतो. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग एवढंच ऐकणाऱ्याला सबवूफरवाचून फारसं काही अडत नाही.

याविरुद्ध पुरावा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. हरमन कंपनीत संशोधन करणाऱ्या शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये तेच स्पीकर श्रोत्यांना आधी पडद्याआड आणि नंतर डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. सबवूफरसह येणारा एक छोटा, स्वस्त संच पडद्याआड बरे गुण मिळवून गेला. तो दिसू लागताच त्याचे गुण घसरले. म्हणजे असे संच मुळातच टाकाऊ नसतात, आपले डोळेही निकाल फिरवतात. पुढे त्यांच्याच अभ्यासात असंही दिसलं की श्रोत्याच्या पसंतीत सुमारे 30 टक्के वाटा खालच्या स्वरांचा असतो. शिवाय हळू आवाजात कान खालचे स्वर कमी पकडतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं, आणि फ्लॅटमध्ये आपण बहुतेक वेळा हळूच ऐकतो. तेव्हा सिनेमा किंवा नवं चित्रपटसंगीत आवडीने ऐकणाऱ्याने सबवूफर जरूर घ्यावा. माझा आक्षेप सबवूफरला नाही, त्याच्या क्रमाला आहे.

कारण खालचे स्वर स्पीकरइतकेच खोलीवरही अवलंबून असतात. 12 फूट लांबीची खोली 47 हर्ट्‌झच्या आसपास घुमते, 10 फूट रुंदी 56 च्या आसपास. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या जिप्सम भिंती थोड्या थरथरतात आणि त्यात काही बेस जिरतो. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंती तो जवळपास तसाच परत फेकतात. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर हे सगळे घुमारे एकदम जागे होतात; आवाज मोठा मिळतो, पण एक सूर गरजतो आणि शेजारचा गायब होतो. आणि आपल्याकडे तो ठेवतात कोपऱ्यातच, कारण रिकामी जागा तेवढीच असते! यावरचा उपाय फुकट आहे. सबवूफर घटकाभर आपल्या बसायच्या जागी ठेवावा, बेस गिटार ठळक असलेलं गाणं लावावं आणि कान जमिनीलगत नेत खोलीभर रांगावं. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील ती त्याची जागा, जिथे सर्वात जोरात येतील ती नव्हे. घरचे हसतील, हसू द्यावं. मग क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात तो सांधा, 80 हर्ट्‌झच्या जवळपास लावायचा आणि फेजचं बटण दोन्हीकडे फिरवून गाणं जिथे भरीव वाटेल तिथे सोडायचं. आवाज इतकाच वाढवायचा की बंद केल्यावर उणीव जाणवावी, चालू असताना मात्र सबवूफर वाजतोय हे कळू नये.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, पण ती ज्या ‘ए’ मापाने मोजतात त्यात खालचे स्वर फारच कमी धरले जातात. आकडा नियमात बसला तरी खालच्या मजल्यावरची झोप उडू शकते. सबवूफरखाली रबर घालून स्लॅबमधून जाणारी थरथर थोडी कमी होते, हवेतून जाणारा बेस नाही. बुकशेल्फ स्पीकर आधी घेतलेले असले तर रात्री दहा वाजता सबवूफर सरळ बंद करता येतो आणि गाणं चालू राहतं. सहा खोक्यांच्या संचात तो बंद केला की गायकाचा षड्जच पोकळ होतो.