वाचनालयाच्या साठ वर्गण्या

गेल्या आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी होस्टिंगच्या नूतनीकरणाचं बिल पुढ्यात ठेवलं. जागेचे पैसे ठीकच होते. खाली मात्र ‘एसएसएल प्रमाणपत्र, वार्षिक’ म्हणून वेगळे १,८०० रुपये लावलेले. वाचनालयाची वर्गणी महिना ३० रुपये. म्हणजे साठ वर्गण्या अशा वस्तूवर जाणार, जी २०१५च्या डिसेंबरपासून कुणालाही फुकट मिळते!

ती देणारी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींच्या पुढाकाराने उभी राहिली. जुलै २०१८पासून क्रोम साध्या एचटीटीपीवरच्या प्रत्येक साइटला ‘नॉट सिक्युअर’ म्हणू लागला. तो शेरा टाळायला एचटीटीपीएस लागतं आणि त्यासाठी प्रमाणपत्र. तेव्हापासून ते गरजेचं झालं, आणि गरजवंताकडून पैसे काढणं सोपं झालं. मला याची चीड येते.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात आणि सर्व्हरच्या किल्ल्या कंपनीकडे. म्हणून फुकट प्रमाणपत्राची सोय कंपनीनेच सुरू ठेवावी लागते. वाचनालयाच्या सीपॅनेलमध्ये, म्हणजे साइट सांभाळायच्या पॅनेलमध्ये, ती होती, कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’ उघडून ‘रन ऑटोएसएसएल’ दाबलं. थोड्या वेळाने साध्या नावापुढे हिरवं कुलूप आलं, ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वाल्या नावापुढे लालच राहिलं. शोधलं तर त्या नावाची डीएनएस नोंद, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणारी नोंद, अजून आधीच्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरकडे बोट दाखवत होती. नाव खरोखर तुमच्या ताब्यात आहे का, हे पाहायला प्रमाणपत्र देणारा तुमच्या साइटवर ठेवलेली एक छोटी फाइल मागतो. इथे तो चुकीच्या घराचं दार वाजवत होता. नोंद बदलली, संध्याकाळी पुन्हा बटण दाबलं, तेही हिरवं झालं.

‘फुकटचं म्हणजे कच्चं असेल ना?’ कार्यवाहांनी विचारलं. नाही. माहिती गुप्त ठेवण्याचं काम दोन्ही सारखंच करतात. महागड्या काही प्रकारांत संस्थेची कागदपत्रं तपासली जातात, त्याची वाचनालयाला गरज नाही. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवस चालतं आणि नूतनीकरण आपोआप होतं. डीएनएस बदलली की मात्र एकदा पॅनेल उघडून बघावं.

‘ती ओळ काढून सुधारित बिल पाठवा,’ एवढंच पत्र आम्ही त्याच रात्री कंपनीला धाडलं.