खरी भीती कुठली?

रहस्यपटात खून हवाच, असं कुणी ठरवलं? पुट्टण्णा कणगालांचा कन्नड ‘शरपंजर’ आठवा. आपल्या आई-मावश्यांना तो ठाऊक असेलच. कावेरी लग्नाआधीचं गुपित मनात दाबून संसार करते. बाळंतपणानंतर मन ढळतं, उपचारांनी ती बरी होऊन घरी येते, आणि इथून भीती सुरू होते! ती हसली तरी संशय, रडली तरी संशय. नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण मात्र झाकलेलं. ते तिलाच कळतं, आणि ती पुन्हा इस्पितळात. कल्पनाची कावेरी विसरणं कठीण. सिल्वासात दोघंच राहणारी लेक-जावई असोत वा बेळगावातलं एकत्र कुटुंब, बाळंतिणीच्या उदासीला आजही ‘नाटकं’ म्हणतात. मूळ कादंबरी मानसशास्त्र शिकलेल्या त्रिवेणींची. त्या स्वतः १९६३ मध्ये बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेल्या.