घाटाखालचा गड

बुलढाण्याच्या माणसाला आपल्या जिल्ह्याचे दोनच भाग ठाऊक असतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मोगली दफ्तरांतील बालाघाट आणि पायनघाट ही वऱ्हाडची जुनी वाटणी आमच्या तोंडी अशी अद्याप शाबूत आहे. पैकी घाटावरच्या सिंदखेड राजास दरवर्षी १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मदिनी, सारा महाराष्ट्र लोटतो, आणि ते यथोचितच आहे. परंतु लखुजीराव जाधवांच्या वाड्याच्या देवडीपाशी छायाचित्र काढवून परतणाऱ्या त्या समुदायातून पुतळा बारवेच्या पायऱ्या उतरणारे, किंवा मोती तलावाच्या बांधावर घटकाभर टेकणारे किती, हे ज्याने एकदा पाहिले, त्याला आमच्या इतिहासप्रेमाची खोली मोजण्यास फार लांब दोर लागत नाही.

घाटाखाली तर तेवढेही कौतुक नाही. पूर्णा ओलांडून उत्तरेस गेले की सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद लागते. ‘आईन-ए-अकबरी’त नरनाळा सरकारातील परगणा म्हणून ज्याची नोंद आहे, तो हा मुलूख १९०५ साली अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्यास जोडला गेला, आणि सावत्र लेकराची कळा त्याच्या तोंडावरून अजून पुरती गेलेली नाही. त्याच्यामागच्या डोंगरांत मैलगड आहे. नरनाळ्याच्या १४८७ सालच्या महाकाली दरवाजासारखे कोरीव वैभव येथे शोधू जाणारा हिरमुसून परतेल. येथे आहे तो मुख्यतः कातळ, आणि त्या कातळात खोदलेली पाण्याची टाकी.

माझ्या मते पाहावयाचे ते हेच. सातपुड्याचे नाले वैशाखात कोरडे ठणठणीत पडतात, तेव्हा गडावर किती शिबंदी राहील आणि किती दिवस टिकेल, याचा निर्णय तटाच्या उंचीवर नव्हे, तर छिन्नीने उतरवलेल्या या चार-दोन टाक्यांवर होत असला पाहिजे, हे तेथे उन्हात उभे राहिल्यावाचून बखरी वाचून उमगत नाही. आणि नेमके हेच आमच्या ‘विकासा’च्या आराखड्यांत बसत नाही. गडाचा विकास म्हटला की सिमेंटच्या पायऱ्या, कमान आणि कमानीवर दात्यांची नावे! त्या खर्चाच्या अल्पांशात दर ज्येष्ठात टाक्यांचा गाळ निघेल, आणि पायथ्याच्या पाड्यांतील निहाल, भिलाला, कोरकू तरुणांपैकी दोघा-चौघांना वाटाड्या म्हणून नियमित मुशाहिरा देता येईल. रान त्यांना पाठ आहे, आणि पाहुण्याला वाट दाखवावयाची ती अखेर त्यांनीच.

गेल्या माघात माझ्यासोबत असाच एक वृद्ध भिलाला होता. टाक्याच्या काठी उकिडवे बसून त्याने सागाची कुजकी पाने तळहाताने बाजूस सारली, ओंजळभर पाणी नाकाशी नेले, पुन्हा आत सोडले, आणि मान हलवून आपल्या खांद्यावरच्या तुंब्याचे बूच काढून तो मुकाट्याने माझ्यापुढे धरला.